इराणी वृत्तपत्रे: बंदीच्या तारखांतून वाचलेला इतिहास

एखाद्या देशातील वृत्तपत्रांचा इतिहास लिहायचा म्हटले की कोणते पत्र कोणत्या साली निघाले याची जंत्री आधी दिली जाते. इराणच्या बाबतीत ही रीत अपुरी पडते, असे गेला काही काळ या विषयावर वाचताना माझे मत झाले आहे. तेथे कोणते पत्र केव्हा आणि कोणाच्या हुकमाने बंद पडले, त्याचे संपादक कोठे गेले आणि तीच मंडळी पुढे कोणत्या नावाने छापू लागली, हे प्रश्न विचारल्याखेरीज काहीच नीट उलगडत नाही. बंदी हा या इतिहासातला अधूनमधून येणारा अपघात नव्हे. पत्र कोठे छापायचे, त्याची भाषा कशी ठेवायची, परवाना कोणाच्या नावावर काढायचा, हे सारे तिच्या धाकानेच ठरत आले आहे.

प्रारंभ मात्र दरबारी कृपेने झाला. युवराज अब्बास मिर्झा याने 1815 मध्ये पाच तरुणांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले. त्यांच्यापैकी मिर्झा सालेह शिराझी याने तेथे भाषांबरोबर मुद्रणाची कलाही शिकून घेतली आणि 1819 मध्ये परतताना एक छापयंत्र सोबत आणले. पुढे 1837 मध्ये, मोहम्मद शाह काजार याच्या कारकिर्दीत, त्याने तेहरानमध्ये एक मासिक वार्तापत्र काढले. शिळाप्रेसवर छापलेल्या या पत्राला स्वतःचे नावदेखील नव्हते. अभ्यासक त्याला 'कागज-ए-अखबार' म्हणतात. खिळ्यांची छपाई ठाऊक असूनही इराणमध्ये पुढची कित्येक दशके शिळाप्रेसच चालली, कारण ज्या नस्तालीक वळणाची वाचकांच्या डोळ्यांना सवय होती, ते खिळ्यांत नीट उतरत नसे, तर शिळेवर कातिबाचे अक्षर जसेच्या तसे उमटत असे.

येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. फारसी वृत्तपत्राचा जन्म इराणमध्ये झालेलाच नाही. राममोहन रॉय यांनी कलकत्त्यात 'मिरात-उल-अखबार' हे फारसी साप्ताहिक 1822 मध्येच सुरू केले होते, म्हणजे तेहरानच्या पत्रापूर्वी पंधरा वर्षे. दुसऱ्याच वर्षी कंपनी सरकारने परवान्याची सक्ती केली, तेव्हा परवाना मागण्यापेक्षा पत्र बंद करणे त्यांनी पसंत केले. इराणी पत्रकारांना हाच पेच पुढे शतकभराहून अधिक काळ पुन्हा पुन्हा सोडवावा लागला.

मिर्झा सालेहचे पत्र काही वर्षांतच विरून गेले. टिकाऊ पत्र निघाले ते अमीर कबीर याच्यामुळे. नासिरुद्दीन शाहचा हा कर्तबगार वजीर सैन्य, खजिना आणि शिक्षण या सर्वांची फेरमांडणी करायला निघाला होता, आणि आपण काय करतो आहोत हे अधिकाऱ्यांना वेळेवर कळले पाहिजे अशी त्याची धारणा होती. 7 फेब्रुवारी 1851 रोजी सुरू झालेले 'वकाये-ए-इत्तेफाकिया' हे साप्ताहिक दोनशे तुमानांहून अधिक वेतन घेणाऱ्या प्रत्येक सरकारी नोकराला विकत घ्यावेच लागे. दरबारातील नेमणुका, प्रांतांतील वार्ता आणि युरोपीय पत्रांतून भाषांतरित केलेल्या बातम्या असा त्याचा मजकूर असे. त्याच वर्षअखेर अमीर कबीर पदच्युत झाला आणि जानेवारी 1852 मध्ये काशानजवळच्या फीन उद्यानातील हमामखान्यात शाहच्या हुकमाने त्याचा जीव घेण्यात आला. त्यानेच उभारलेल्या पत्राने तो आजारी असल्याची आणि नंतर वारल्याची बातमी छापली. सरकारी पत्र म्हणजे काय, याची ओळख इराणी वाचकाला इतक्या लवकर आणि इतक्या ठसठशीतपणे झाली.

त्यानंतरच्या दरबारी पत्रांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, पण चित्रकार सनी-उल-मुल्क याचा अपवाद करायलाच हवा. 1860 पासून त्याच्या देखरेखीखाली निघालेल्या सरकारी पत्रातील शिळाछाप व्यक्तिचित्रे आजही पाहण्याजोगी आहेत. शहजादे आणि अमीर-उमराव त्यांत माणसांसारखे दिसतात. सेन्सॉर खात्याची घडी बसवली ती पॅरिसमध्ये शिकून आलेल्या इतेमाद-उस-सल्तना याने. शाहची कृपा किती अल्पजीवी असे, हे 1876 मधल्या एका प्रसंगावरून कळते. फ्रेंच आणि फारसी अशा दोन भाषांत निघालेल्या 'ला पात्री' या पत्राने पहिल्याच अंकात निर्भीड टीकेचे आश्वासन दिले आणि तोच त्याचा शेवटचा अंक ठरला.

देशात हे चित्र असताना खरी वृत्तपत्रे सीमेपलीकडे निघू लागली, यात नवल नाही. इस्तंबूलमध्ये 1876 पासून 'अख्तर' निघत होते. शाहने इराणमधील तंबाखूचा संपूर्ण व्यापार पन्नास वर्षांच्या मक्त्याने एका इंग्रज मेजरला 1890 मध्ये देऊन टाकला, तेव्हा देशातील एकाही पत्रात त्यावर चिकित्सा येणे शक्य नव्हते. 'अख्तर'ने त्या कराराची चिरफाड केली आणि या पत्राचे अंक व्यापाऱ्यांच्या हातून तबरीझपर्यंत पोहोचले. पुढे डिसेंबर 1891 मधील धार्मिक फतव्याने साऱ्या देशाने तंबाखू सोडली आणि मक्ता रद्द करावा लागला. याचे श्रेय केवळ एका पत्राला देणे अतिशयोक्तीचे होईल. मशीद आणि बाजार यांची युती त्यामागे होती. पण कराराचे तपशील या युतीच्या हाती आले, त्यात परदेशी छापलेल्या या कागदाचा मोठा वाटा होता.

लंडनहून 1890 मध्ये सुरू झालेल्या 'कानून'चा संपादक मिर्झा मल्कम खान ही गुंतागुंतीची असामी होती. इराणचा लंडनमधील राजदूत असताना लॉटरीच्या एका मक्त्याच्या व्यवहारात त्याचे हात पोळले आणि त्याचे पद गेले. त्यानंतर त्याला कायद्याच्या राज्याची अशी काही ओढ लागली की प्रत्येक अंकात तो त्याचाच पुकारा करू लागला. त्याच्या हेतूंविषयी शंका घ्यायला जागा आहे. परंतु त्याची सोपी, छोट्या वाक्यांची फारसी ही तिच्या काळाच्या पुढे होती, आणि नुसता अंक बाळगणे हाही गुन्हा ठरल्यामुळे त्याचे वाचक वाढतच गेले.

माझ्या दृष्टीने या तिघांत सर्वांत महत्त्वाचे पत्र कलकत्त्याचे 'हब्लुल मतीन'. सय्यद जलालुद्दीन काशानी यांनी ते 1893 मध्ये काढले आणि ते जवळजवळ चार दशके चालवले. दृष्टी गेल्यानंतरही त्यांनी संपादन सोडले नाही. शेवटच्या काळात त्यांची मुलगी हे काम सांभाळत असे. बाकूचा तेलसम्राट तागीयेव हा नजफ या शिया विद्याकेंद्रातील धर्मपंडितांना या पत्राचे अंक स्वखर्चाने पाठवत असे, आणि घटनात्मक राजवटीच्या बाजूने तेथील काही थोर मुज्तहिद, म्हणजे श्रेष्ठ धर्मशास्त्री, का उभे राहिले, याचा विचार करताना त्या टपालाचीही दखल घेतली पाहिजे.

ऑगस्ट 1906 मध्ये मुझफ्फरुद्दीन शाहने संसदेला मान्यता दिली आणि बांध फुटला. संसदेतील चर्चा छापणारे 'मजलिस' हे पत्र वर्षअखेरीस निघाले. दोन-तीन वर्षांच्या आत तेहरान, तबरीझ, रश्त, इस्फहान अशा शहरांतून इतकी पत्रे आली की त्यांतील बहुतेकांची आज केवळ नावे उरली आहेत. ऑक्टोबर 1907 च्या घटनापुरवणीतील विसाव्या कलमाने पथभ्रष्ट करणारे आणि धर्माला अपायकारक लेखन वगळता सर्व प्रकाशने मुक्त केली आणि पूर्वतपासणीस मनाई केली. या 'वगळता'मध्येच पुढच्या शंभर वर्षांचे खटले दडलेले होते. 1979 च्या घटनेतील चोविसाव्या कलमाची रचनाही जवळपास अशीच आहे.

या गर्दीत 'सूर-ए-इस्राफील' वेगळे उठून दिसते. मिर्झा जहांगीर खान शिराझी आणि मिर्झा कासिम खान तबरीझी यांनी ते मे 1907 मध्ये सुरू केले. शीर्षकाजवळच्या चित्रात कर्णा फुंकणारा देवदूत आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द असत. त्याचा प्राण मात्र शेवटच्या पानांवर होता. तेथे अली अकबर देहखोदा 'दखो' या टोपणनावाने 'चरंद-ओ-परंद' हे सदर लिहीत. पहिल्याच लेखात ते अफूचे व्यसन सोडवण्याचा उपाय सांगतात: रोजच्या गोळीत अफू थोडी कमी करायची आणि तेवढेच दुसरे औषध घालायचे, म्हणजे व्यसनी माणसाला कळायच्या आत व्यसन सुटते. मग अगदी निरागस चेहऱ्याने ते पुढे म्हणतात की आपल्या थोरामोठ्यांनीही हीच युक्ती लोकांच्या भाकरीवर चालवली आहे, रोज गहू थोडा कमी आणि इतर काहीबाही थोडे जास्त. साखळीबद्ध, अलंकारांनी जड झालेल्या दरबारी गद्यावर पोसलेल्या वाचकाला बाजारातली बोलती फारसी छापील पानावर भेटत होती. आधुनिक फारसी कथेचे मूळ अनेक समीक्षक या सदरात शोधतात, आणि मला ते पटते.

23 जून 1908 रोजी मुझफ्फरुद्दीनच्या मागून गादीवर आलेल्या मोहम्मद अली शाहने रशियन अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या कोसॅक पलटणीकरवी संसदेवर तोफा डागल्या. दुसऱ्या दिवशी बाग-ए-शाह या शाहच्या छावणीत जहांगीर खान यांना प्रसिद्ध वक्ते मलिक-उल-मुतकल्लिमीन यांच्यासह गळा आवळून मारण्यात आले. पत्राचे बत्तीस अंक निघाले होते. देहखोदा ब्रिटिश वकिलातीच्या आश्रयाने वाचले, देशाबाहेर गेले आणि स्वित्झर्लंडमधील इव्हेर्दों या गावातून त्यांनी 1909 च्या आरंभी 'सूर-ए-इस्राफील'चे आणखी तीन अंक काढले. मारल्या गेलेल्या मित्रावरची त्यांची विख्यात कविता त्या अंकांतील. पुढे त्यांनी पत्रकारिता जवळपास सोडून फारसीचा अजस्र शब्दकोश रचण्यात आयुष्य घालवले.

स्त्रियांची पत्रे याच लाटेत आली. 1910 चे 'दानिश' हे त्यांतील पहिले; ते गृहव्यवस्था आणि आरोग्य यांपलीकडे सहसा जात नसे. सिद्दीका दौलताबादी यांनी 1919 मध्ये इस्फहानसारख्या कर्मठ शहरात 'जबान-ए-जनान' काढले. राजकारणावर लिहिण्यात त्यांनी कसूर केली नाही. इंग्लंडबरोबरच्या 1919 च्या कराराला विरोध केला. त्यांच्या घरावर दगड पडले आणि पत्र बंद झाले.

पुढे रजा शाह म्हणून गादीवर बसलेला सेनानी रजा खान सत्तेच्या पायऱ्या चढत असताना पत्रकारांना काय भोगावे लागले, हे दोन कवी-संपादकांच्या चरित्रांतून स्पष्ट होते. 'कर्न-ए-बिस्तुम'चे मीरजादे इश्की यांनी रजा खानच्या प्रजासत्ताकाच्या खटपटीची व्यंगचित्रांतून आणि कवितांतून रेवडी उडवली, आणि जुलै 1924 मध्ये तेहरानच्या त्यांच्या घरात शिरून मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. दुसरे फर्रुखी यज्दी. तरुणपणी यज्दच्या सुभेदाराने एका कवितेपायी त्यांचे ओठ शिवून टाकले होते. 1921 पासून ते 'तुफान' चालवत. ते बंद पडले की फर्रुखी दुसऱ्या कोणाचा परवाना मिळवून 'सितारे-ए-शर्क', 'कियाम' किंवा 'पैकार' या नावाखाली तोच मजकूर छापत. वर्गणीदारांनाही ही पद्धत अंगवळणी पडली होती. इराणी पत्रकारितेतली ही सर्वांत जुनी आणि चिवट युक्ती, आणि फर्रुखी हे तिचे उस्ताद. 1939 मध्ये तुरुंगातच त्यांचा अंत झाला. त्या वीस वर्षांत निर्वेधपणे वाढले ते 1926 मध्ये अब्बास मसऊदी यांनी सुरू केलेले 'इत्तेलाआत', कारण राजाला अडचण होईल असे ते काही लिहीत नसे.

1941 मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा आल्या, रजा शाहला मुलासाठी, मोहम्मद रजा शाहसाठी, सिंहासन सोडावे लागले आणि पुन्हा पत्रांचा पूर आला. 'कैहान' 1942 मधले. त्याच वर्षी डिसेंबरात तेहरानमध्ये भाकरीवरून दंगल झाली, तेव्हा पंतप्रधान कवाम यांनी राजधानीतील सगळी पत्रे एका हुकमासरशी बंद केली आणि सरकारी 'अखबार-ए-रूज' तेवढे चालू ठेवले. या बारा वर्षांना स्वातंत्र्याचा सुवर्णकाळ म्हणण्याचा प्रघात आहे. मी तो शब्द जपून वापरीन. ज्याच्या-त्याच्या खिशात परवाना होता, त्यामुळे ज्याच्या-त्याच्या विरुद्ध लिहिले जात होते, आणि खंडणीसाठी चालवलेली पत्रेही थोडीथोडकी नव्हती. 'मर्द-ए-इम्रूज'चे जहाल संपादक मोहम्मद मसऊद यांचा फेब्रुवारी 1948 मध्ये खून झाला. चार वर्षांनी त्यांच्या स्मृतिदिनी त्यांच्या कबरीपाशी भाषण करत असताना 'बाख्तर-ए-इम्रूज'चे संपादक हुसेन फातिमी यांच्यावर एका किशोरवयीन मारेकऱ्याने गोळी झाडली. फातिमी बचावले, पंतप्रधान मुसद्दिक यांचे परराष्ट्रमंत्री झाले, आणि मुसद्दिक यांना हटवणाऱ्या 1953 च्या लष्करी उठावानंतर पकडले जाऊन 1954 मध्ये त्यांना मृत्युदंड देण्यात आला.

उठावानंतरच्या शाही राजवटीने गोळ्यांपेक्षा हिशेबाची वही अधिक वापरली. 1963 मध्ये ज्यांचा खप तीन हजारांहून कमी अशा पत्रांचे परवाने रद्द करण्यात आले. वरकरणी हा व्यवसायाच्या दर्जाचा प्रश्न होता, प्रत्यक्षात बाजार 'इत्तेलाआत' आणि 'कैहान' या दोन घराण्यांच्या स्वाधीन झाला. ही दोन्ही पत्रे तंत्राच्या दृष्टीने उत्तम होती, त्यांचे बातमीदार हुशार होते, आणि कोणत्या बातमीला हात लावायचा नाही हे सर्वांना पाठ होते.

या व्यवस्थेचा शेवट तिच्याच पानातून झाला. 7 जानेवारी 1978 रोजी 'इत्तेलाआत'मध्ये एका बनावट नावाने अयातुल्ला खोमेनी यांची निंदा करणारा लेख आला. तो संपादक मंडळाने लिहिला नव्हता. दरबारातून आलेला लिफाफा माहितीमंत्री दारियुश हुमायून यांच्यामार्फत त्यांच्या हाती पडला होता, आणि नकाराची सोय नव्हती. दोनच दिवसांत कुम या धर्मनगरीत निदर्शकांवर गोळीबार झाला आणि वर्षभर थांबली नाही अशी साखळी सुरू झाली. नोव्हेंबरात लष्करी सरकार आल्यावर पत्रकारांनी बासष्ट दिवस संप केला. इतके दिवस मोठी दैनिके निघालीच नाहीत. संप मिटल्यावर दहाच दिवसांनी, 16 जानेवारी 1979 रोजी, 'शाह गेला' एवढाच अर्थ असलेला दोन शब्दांचा मथळा अर्धे पान व्यापून छापला गेला.

हुमायून यांनी मंत्री होण्यापूर्वी 'आयंदेगान' या दैनिकाच्या स्थापनेत भाग घेतला होता. क्रांतीनंतर ते उदारमतवादी आणि डाव्या विचारांच्या पत्रकारांच्या हाती होते, आणि ऑगस्ट 1979 मध्ये नव्या राजवटीने त्याला टाळे ठोकले. 'कैहान' आणि 'इत्तेलाआत' सरकारजमा झाली. त्याच महिन्यात 'इत्तेलाआत'चे छायाचित्रकार जहांगीर रजमी यांनी सनंदजच्या विमानतळावर अकरा जणांना गोळ्या घातल्या जात असताना टिपलेले दृश्य संपादकांनी पहिल्या पानावर छापले, छायाचित्रकाराचे नाव मात्र त्याच्या जिवाच्या भीतीने दिले नाही. ते चित्र जगभर गेले आणि 1980 चा पुलित्झर पुरस्कार एका अनामिकाला मिळाला. रजमी यांचे नाव 2006 मध्ये जाहीर झाले. नाव न छापण्याचा त्या रात्रीचा निर्णय मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणा संपादकीय निर्णय वाटतो.

इराकबरोबरच्या युद्धाच्या दशकात लिहिण्यासारखे थोडेच घडले. विनोद तेवढा जिवंत राहिला, कारण त्या दशकाच्या मध्यापासून 'इत्तेलाआत'मध्ये कियूमर्स साबिरी यांनी 'गुल आगा' या नावाने देहखोदांची वाट पुन्हा मळवली. नंतर सुधारणावादी मोहम्मद खातमी राष्ट्राध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी 1998 मध्ये 'जामेआ' निघाले. सुटसुटीत मांडणी, मोठी छायाचित्रे आणि नागरिकाला उद्देशून लिहिलेली भाषा यामुळे ते हातोहात खपले. जुलैत ते बंद झाले, तेव्हा तीच मंडळी 'तूस' घेऊन आली. सप्टेंबरात 'तूस' बंद झाले, 1999 मध्ये 'नशात' आले. तेही गेले आणि 'अस्र-ए-आजादगान' आले. फर्रुखींची युक्ती पाऊण शतकानंतर तशीच्या तशी चालू होती, फक्त आता ती चालवणारे अनेकदा क्रांतीचे आणि युद्धाचे जुने शिलेदार होते. जुलै 1999 मध्ये, प्रेस कायदा कडक करण्याच्या प्रस्तावामागे गुप्तचर खात्यातील एका अधिकाऱ्याची सूचना असल्याचे सांगणारे पत्र 'सलाम' या दैनिकाने छापले. 'सलाम' बंद होताच विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि तेहरान विद्यापीठाच्या वसतिगृहावर हल्ला झाला. एप्रिल 2000 मध्ये सर्वोच्च नेते खामेनी यांच्या एका भाषणापाठोपाठ काही दिवसांत डझनाहून अधिक पत्रे बंद करण्यात आली.

यासाठी न्यायालयाने वापरलेला आधार मोठा मासलेवाईक होता. घटनेचे 168 वे कलम सांगते की वृत्तपत्रांवरचे खटले उघड न्यायालयात आणि ज्यूरीसमोर चालले पाहिजेत. ती वाट टाळण्यासाठी शाहच्या काळातील 1960 चा, सराईत गुन्हेगारांना आवर घालण्यासाठी केलेला प्रतिबंधक उपायांचा कायदा बाहेर काढला गेला. गुन्हा घडू नये म्हणून जसे गुंडाचे हत्यार जप्त करतात, तसे छापखाने थांबवले गेले. त्याच वसंतात मावळत्या संसदेने प्रेस कायद्यात दुरुस्ती केली. बंद पत्राच्या जागी त्याच्याशी साम्य असलेले दुसरे पत्र काढण्यास तिने मनाई केली आणि परवानाधारकाबरोबर लेखकालाही जबाबदार धरले. म्हणजे नाव बदलून पुन्हा उभे राहण्याची परंपरा इतकी रुळली होती की तिच्यासाठी स्वतंत्र तरतूद लिहावी लागली. नव्या संसदेने ऑगस्टात ही दुरुस्ती मागे घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा खामेनी यांचे पत्र सभागृहात वाचून दाखवण्यात आले आणि विधेयक कामकाजातून वगळले गेले.

तेव्हापासून भर पत्रावरून माणसावर सरकला आहे, असे मला दिसते. सप्टेंबर 2022 मध्ये, हिजाबवरून पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनी हिच्या मृत्यूची बातमी रुग्णालयातून जगापुढे आणणाऱ्या 'शर्क'च्या निलुफर हामेदी आणि साकेझ येथील तिच्या दफनविधीचा वृत्तांत देणाऱ्या 'हम-मिहन'च्या इलाहे मोहम्मदी या दोघींना अटक झाली, पण त्यांची पत्रे निघतच राहिली. त्यांचा खटला प्रेस न्यायालयाऐवजी क्रांती न्यायालयात, बंद दाराआड आणि ज्यूरीविना चालला. ऑक्टोबर 2023 मध्ये दोघींना अनेक वर्षांच्या शिक्षा सुनावल्या गेल्या आणि जानेवारी 2024 मध्ये त्या जामिनावर बाहेर आल्या. 'हम-मिहन' स्वतः त्याआधी 2000 आणि 2007 मध्ये दोनदा बंद पडून पुन्हा निघालेले पत्र होते.